रोसामेल मामानी मागणी घालायला जातो

सोऱ्याचा दगड भरडणाऱ्या गिरणीत ज्याने उमेदीची वर्षं काढली, त्याला कुजबुजता येत नाही. रोसामेल मामानीचं तेच झालं होतं. सांता आउरेलियाची खाण बंद पडली, आम्ही सगळे पठार उतरून समुद्राकाठी इकिकेत राहायला आलो, रोसामेलने फ्रिज दुरुस्तीचं दुकान टाकलं, बायको गेली, मुलं मार्गी लागली. पण आवाज गिरणीतलाच राहिला. त्यामुळे क्लोदोमिरा लेमुसवर त्याचा जीव जडलाय हे तिच्याआधी मासळीबाजाराला कळलं. तराजूपाशी तो माझ्या कानाशी लागून म्हणाला, "कुणाला बोलू नकोस." पलीकडच्या रांगेतल्या कोळणी हसल्या.

क्लोदोमिराची ना नव्हती. खाणीच्या कोठारावरच्या कारकुनाची ही मुलगी सत्तरीला टेकली तरी लग्नाशिवाय राहिली होती. तिची अट मात्र होती. मागणी थोरल्या भावाकडे घालायची, आणि तीही सांता आउरेलियातल्या घराच्या दारात, संध्याकाळच्या चहाला.

"इथेच घालतो की," रोसामेल म्हणाला.

"इथे कुठे? आमच्याकडे लिफ्ट आहे. लिफ्टच्या तोंडाशी कुणी मागणी घालतं का?"

भाऊ एवारिस्तो डिसेंबरात दक्षिणेला मुलीकडे कायमचा राहायला चालला होता. म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही.

दर नोव्हेंबरात आम्ही गावच्या उत्सवाला जातोच. गाव म्हणजे आता नुसत्या भिंती. छपरं, खिडक्या, जमिनीच्या फळ्या, लाकूड म्हणून जे होतं ते चोरांनी नेलं. तरी प्रत्येक कुटुंब आपापल्या घरात उतरतं, झाडून घेतं, पडदा टांगतं. आणि बाजूची भिंत पार भुईसपाट झाली असली तरी जा-ये दारातूनच करतं. दार नसेल तर दाराच्या जागेतून. यंदा वाळवंटातल्या पडक्या गावांचे फोटो काढत फिरणारी राजधानीतली एक मुलगी क्लोदोमिराच्या घरात भगदाडातून शिरली.

"अय्या, मला वाटलं गाव ओसाड आहे!"

"ओसाड? मग मी काय पाल आहे?" क्लोदोमिराने केरसुणी रोखली. "बाहेर हो. वळसा घालून ये. दार वाजव."

मुलगी निमूटपणे वळसा घालून आली, दार वाजवलं, आणि मगच तिला वाळवलेल्या पीचचं सरबत मिळालं. लेमुसांकडे खरोखरीचं दार होतं. एवारिस्तो ते चौकटीसकट दरवर्षी ट्रकमध्ये घालून आणतो, भिंतीत बसवतो आणि जाताना काढून नेतो.

संध्याकाळी रोसामेल सूट घालून, ओले केस चापून निघाला. मागे मी केक घेऊन, आणि माझ्यामागे गावाचा बँड. चौक ओलांडून वठलेल्या झाडाशी पोचलो, तिथे कारकुनांची गल्ली सुरू होते. झाडाखाली खाणीचा जुना रखवालदार निकानोर काठी टेकून उभा होता. पंचाऐंशीच्या पुढचा, चिमणीएवढा.

"कुठे?"

"लेमुसांकडे, काका."

"संध्याकाळच्या भोंग्यानंतर कामगारांनी या गल्लीत यायचं नाही."

"अहो, कंपनी बुडाली. भोंगा भंगारात गेला."

"तेच म्हणतोय मी. शेवटचा भोंगा कुठला झाला? संध्याकाळचा. त्यानंतर सकाळचा झालाय? तू ऐकलास?"

"गिरणीने कान खाल्ले, मला कुठे ऐकू येतं!"

"मग बोलू नकोस."

फोटोवाली मुलगी हसली. आमच्यातलं कुणी हसलं नाही. झाडाच्या दोन्ही बाजूंना मैलोन्‌मैल मोकळं वाळवंट होतं, पण रोसामेलचा पाय काही उचलेना. माझाही उचलला नसता; माझे वडीलही कामगारच, सुतारशाळेतले.

शेवटी बँडमधला फेर्मिन म्हणाला, "सकाळचा भोंगा मीच वाजवतो ना." आणि त्याने आपल्या भल्यामोठ्या पितळी कर्ण्यात असा दम भरला की भिंतींची माती गळली.

निकानोरने मान डोलावली. "झाली सकाळ."

रोसामेलने पाऊल टाकलं. काठी पुन्हा आडवी झाली.

"पाळी सुरू झाली. तू कामावर का नाहीस?"

रोसामेल मुकाट्याने गिरणीच्या जागेकडे गेला. बँडमधले निम्मे लोकही गेले, कारण त्यांचीही पाळी तीच होती. कोट घडी करून दगडावर ठेवून रोसामेल मातीचे ढिगारे उपसू लागला.

"नीट हाण!" निकानोर इकडून ओरडला. "खाडा लावीन!"

बऱ्याच वेळाने फेर्मिनने सुटीचा भोंगा दिला. रोसामेल धुळीने पांढराफटक होऊन परतला.

"आता जाऊ?"

"आता कसा जाशील? संध्याकाळचा भोंगा झाला."

रोसामेल झाडाखाली बसला. जन्मात पहिल्यांदा त्याचा आवाज मला ऐकू आला नाही. नुसते ओठ हलले.

गल्लीच्या टोकाला क्लोदोमिरा दारात उभी राहून सगळं बघत होती. चहा निवत होता. ती तरातरा आली. "निकानोर, कारकुनांच्या माणसांना या झाडापर्यंत यायला बंदी आहे?"

"तुम्हाला कोण अडवणार, बाई?"

"एवारिस्तो!" ती मागे वळून ओरडली. "दार काढ!"

एवारिस्तोने दार काढलं. चौकटीसकट ते झाडापाशी आलं. एक बाजू फेर्मिनने धरली, एक मी. पलीकडे एवारिस्तो आणि क्लोदोमिरा, अलीकडे रोसामेल. त्याने कोट झटकला आणि दार वाजवलं.

"कोण आहे?" एवारिस्तोने विचारलं. चौकटीच्या बाजूने बघितलं असतं तर दिसलं असतं. पण त्याने बघितलं नाही.

"रोसामेल मामानी. गिरणीवरचा."

"काय काम?"

"तुमच्या बहिणीला मागणी घालायला आलोय!" हे बहुधा इकिकेलाही ऐकू गेलं.

मग एवारिस्तो म्हणाला, "विचार करून सांगतो."

"पुरे झाला विचार," क्लोदोमिरा म्हणाली. "त्याला आज दोन पाळ्यांएवढा घाम गाळायला लावलात तुम्ही."

"असं म्हणतेस? मग ये रे बाबा आत."

दार उघडलं. रोसामेलने निकानोरकडे बघितलं. निकानोरने काठीवर हनुवटी टेकली. त्याला पेच पडलेला दिसत होता.

"घरमालकाने बोलावलेला पाहुणा," तो अखेर म्हणाला. "त्याला नियम नाही."

रोसामेल उंबरा ओलांडून आत गेला. तिघं रस्त्यातच खुर्च्या मांडून बसले. निवलेला चहा, केक, लग्न इकिकेत करायचं की इथे यावर भांडण. एवारिस्तोला इथे, पाद्र्याला बोलावून. रोसामेलला तर कुठेही. क्लोदोमिरा म्हणाली, जिथे लिफ्ट आहे तिथे, माझे गुडघे आता दुखतात.

वारा सुटला, तसा रोसामेल उठला. क्लोदोमिरा त्याला दारापर्यंत सोडायला आली. दार फेर्मिन आणि मी अजून धरूनच उभे होतो; खाली ठेवा असं कुणी सांगितलं नव्हतं.