न उतरणारी रेघ

कामगारांच्या कानांची दरवर्षी तपासणी व्हायची आणि संशोधनासाठी ते आकडे माझ्याकडे यायचे. नाव नसायचं, नुसता नंबर. प्रत्येक नंबराची आलेखावर रेघ काढायची आणि ऐकू येणं वर्षागणिक किती कमी होतंय ते बघायचं, हे माझं काम. चाकणच्या प्रेसशॉपमध्ये दिवसभर पत्रे ठोकले जातात, तिथे कान शाबूत राहतील कसे? बहुतेक रेघा मुकाट उतरायच्या. चार-पाच मात्र पहिल्या वर्षी होत्या तिथेच. "नशीबवान कान," माझे मार्गदर्शक सर म्हणाले. मला ते पटलं नाही. माणसाचं काहीच इतकं सरळ राहत नाही.

उत्तर चिखलीत, आमच्या घरीच मिळालं. माझा नवरा त्याच प्रेसशॉपमध्ये आहे. एका रविवारी जेवताना तो तिथेच नव्याने लागलेल्या माझ्या भावाला कानांच्या तपासणीचं शहाणपण शिकवत होता, "सोपं हाय राव. हेडफोनमध्ये आवाज आला की बटण दाबायचं असतंय. आपण आवाजाची वाट बघायचीच न्हाई. तपासणीवाल्या मॅडमचा हात मशीनवर हलला, की दाबायचं. कान गेलेत कळलं तर प्रेसवरनं काढतील, मग ओव्हरटाइमपण गेला." दोघं हसले. मला त्या सरळ रेघा आठवल्या.

खिशातला मोबाइल वाजत असतो आणि नवऱ्याला पत्ता नसतो, यावरून मी आजवर नुसती भांडत आले होते. आता तो वाजला की मी त्याच्या तोंडाकडे बघायचे, ऐकू आलं का ते. शॉपमध्ये फोर्कलिफ्ट मागे येताना हॉर्न देते, तो ऐकून माणसं बाजूला होतात. मला फार भीती वाटायची. शिफ्ट चालू असताना अनोळखी नंबरावरून फोन आला, की उचलायला हात धजत नसे.

त्याला सांगून पाहिलं. "तुझी आकडेमोड हापिसात ठेव," म्हणाला. शेवटी मी सरांना, कुणाचंही नाव न घेता, एवढंच सुचवलं की पुढच्या वेळी कामगाराला मशीनकडे पाठ करून बसवा.

तपासणीच्या दिवशी तो घरी आला आणि चहा घेऊन खिडकीशी बसला. "खुर्ची उलटी ठेवली होती," म्हणाला. "कुणाचं डोकं चाललं, कुणाला ठाव."

मी त्याच्या पाठीमागेच उभी होते. "माझं," मी म्हटलं. तो चहा पीत राहिला. पुन्हा म्हटलं, जरा मोठ्याने. त्याची मान हलली नाही.

मग मी गॅस बंद केला आणि त्याच्यासमोर जाऊन बसले.