उघाडीची राखण

माफ कर, माफ कर असं मला ज्यांनी सांगितलं, त्यांच्यापैकी एकाचंही शेत बांधाला लागून नव्हतं. हे आधीच सांगते, कारण त्याचा राग मला अजून आहे.

तेव्हा नवी मुंबई हे नाव कुणी ऐकलं नव्हतं. जासईच्या पुढे खाडीकाठी आमचं गाव. ख्रिस्ती घरं थोडी, त्यात आमचं एक, बाकी सगळे आगरी. शेतं आणि खाडी यांच्यामध्ये मातीचा बांध, आणि बांधात उघाडी, म्हणजे लाकडी झडपेचं दार. ओहोटीला शेतातलं पाणी तिथून बाहेर जायचं, भरती आली की झडप मिटायची. ती राखायचं काम आमच्या घराकडे. नवरा वारला तेव्हा ते धाकट्या दिराकडे गेलं.

भरतीबरोबर मासा आत यावा म्हणून दीर झडपेत दगड अडकवून जाळं लावायचा. एकदा ऐन उधाणाला दगड लावला आणि ताडी प्यायला गेला. खारं पाणी आधी माझ्या शेतात शिरलं. उभं भात करपलं. पुढची दोन वर्षं त्या जमिनीत दाणा धरला नाही. माझी दोन पोरं लोकांच्या पेजेवर जगली.

दीर गावभर सांगत फिरला, "उधानच मोठं होतं, मी काय करू?"

गावाने काम काढून घेतलं. काम तुमच्या घराचं, दिराला परत द्यायचं की नाही ते तू ठरव, असं मला सांगितलं. दोन वर्षं मी हो म्हटलं नाही. मग आमचे पाळकसाहेब, म्हणजे पाद्री, आले. पनवेलहून महिन्यातून एकदा यायचे. प्रवचन झाल्यावर सगळ्यांसमोर म्हणाले, "बाई, प्रभू आपल्याला माफ करतो. दिराला एक संधी द्या."

शेजारीण लगेच म्हणाली, "दे गो, तुजाच दीर हाय."

"तुजं शेत टेकडीला हाय," मी म्हटलं. "तू नाय बोलनार तर कोन बोलनार?" आणि साहेबांना विचारलं, "त्याला तोंड हाय ना? मग माफी तुमी का मागता?"

दीर दाराशी खाली मान घालून बसला होता. त्या दिवशी मी प्रभुभोजनाची भाकर घेतली नाही; मनात राग ठेवून ती घेत नाहीत.

काही दिवसांनी तो एकटा आला. ओटीवर न बसता म्हणाला, "वयनी, उधान मोठं नव्हतं. दगड मीच लावलेला. प्यालो नी इसरलो."

"हे बोलायला दोन वरसं लागली?"

"लाज वाटली."

"पोरं उपाशी निजली तवा नाय वाटली?"

तो रडला नाही, ते बरं केलं. रडला असता तर मी दार लावून घेतलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी गावाला सांगितलं, काम त्यालाच द्या. तर तीच शेजारीण ओरडत आली, "त्या बेवड्याला परत? येडी झालीस काय?" माफी तिला तोंडाने हवी होती, बांधावर नको होती.

पुढच्या महिन्यात साहेब खूश. "मनातला राग गेला ना, बाई?"

"नाय गेला," मी म्हटलं. "काम दिलंय."

त्यानंतर दर उधाणाला मी बांधावर जाऊन उभी राहायचे. पहिल्यांदा दीर चिडला. "वयनी, बघायला आलीस?"

"बघायलाच आले."

त्याने माझ्यासमोर झडप चेपली, फटीत चिखल आणि पेंढा भरला. पाणी चढेपर्यंत दोघं तिथेच बसलो.