थंड खोलीतले मोदक

आर्क्टिकच्या हवेतला ओलावा मोजायची तयारी मेलबर्नच्या आमच्या युनिव्हर्सिटीमध्ये एका कपाटाएवढ्या थंड खोलीत चालायची. ड्रोन आणि फुग्यांवर बसवायची यंत्रं तिथे उणे वीसमध्ये ठेवून तपासायची. ड्रोनचं यंत्र पुण्याच्या एका सीनियर मैत्रिणीनं बनवलं होतं. वीकेंडभराची शेवटची चाचणी पार पडली की यंत्राबरोबर तीही उत्तरेला जाणार होती.

तेव्हा भारतातून विद्यार्थ्यांचा लोंढाच येत होता. शहराच्या टोकाला, ट्रुगानिनातल्या आमच्या घरात आठ जण आणि फ्रिज एक. रविवारच्या गणपतीला एकावन्न उकडीचे मोदक आणतो, असं मी मंडळात सांगून बसलो होतो. मोठेपणा मिरवायची खोड, दुसरं काय! शुक्रवारी दुपारी मी वाफाळते डबे त्या खोलीत नेऊन ठेवले. माझा अभ्यासाचाच विषय हवेतली आर्द्रता. पण या शहाण्याला त्या वाफेचं काही सुचलं नाही.

रविवारी सकाळी डबे उचलले तेव्हा झाकणांवर पांढरं हिम साचलं होतं, आणि तिच्या यंत्रावरही. मी ते बघितलं आणि निघून आलो.

सोमवारी तिच्या आलेखात ओलाव्याचा भलामोठा उंचवटा निघाला. "खोली कोणी उघडली होती का रे?" तिनं विचारलं. "नाही बुवा," मी म्हणालो. तीन दिवस ती यंत्र खोलून गळती शोधत होती आणि मी शेजारी बसून तिला स्क्रू काढून देत होतो. रोज ठरवायचो, आज सांगू. आणि रोज पुढचा स्क्रू काढून द्यायचो. शेवटी प्राध्यापकांनी ड्रोन रद्द केला. यंदा फक्त फुगे जातील, म्हणाले. फुग्यांचं काम माझ्याकडे होतं. तिची जागा मला मिळाली.

लाज वाटली हे खरं, आणि आनंद झाला हेही खरं.

निघायच्या आदल्या दिवशी तिनं स्वतःसाठी घेतलेले लोकरी हातमोजे आणून दिले.

"घे, मला इथे काय उपयोग? आणि तोंड पाडून बसू नकोस, मेट. सेन्सर माझा लीक होता, त्यात तुझा काय दोष? फक्त परत आलास की मोदक कर. गणपतीतले मस्त झाले होते."

परत आल्यावर केले. तिनं चार खाल्ले. सगळं सांगायचं म्हणूनच तिला घरी बोलावलं होतं, आणि मी नुसतं तूप वाढत राहिलो.