आत्याने स्वतः लावलेला फोन

काचबिंदूने नजर गेली तेव्हा आत्या बहात्तर वर्षांची होती. जन्मभर इस्पितळात आया म्हणून नोकरी केलेली, लग्न न केलेली बाई. ती कांजूरमार्गला माझ्याकडे राहायला आली. साधा फोन लावायलाही माझी वाट बघावी लागते, याचा तिला भयंकर राग यायचा.

म्हणून एका रविवारी मी तिला फोनशी बोलायला शिकवायला बसले. तिची इस्पितळातली जुनी मैत्रीण गोरेगावला राहते, खुब्याचं हाड मोडून तेव्हा अंथरुणाला खिळलेली.

“गोरेगाववालीला फोन लाव,” आत्या म्हणाली. फोनमधल्या बाईने गोरेगावचं हवामान सांगितलं.

“मी आंधळी आणि ही बहिरी. झकास जोडी!”

मग मी सोपी नावं घातली: ‘मैत्रीण’, आणि नेहमीच्या रिक्षावाल्याला ‘रिक्षा’. आत्या वाक्याच्या मध्येच थांबायची आणि तेवढ्यात फोन ऐकणं बंद करायचा. मी म्हटलं, “वॉर्डबॉयला हुकूम सोडायचीस ना, तसं एका दमात बोल.” ते तिला जमलं.

पुढच्या आठवड्यात अंधेरीच्या ऑफिसातून दुपारी तिला फोन केला, तर उचलेना. शेजारीण म्हणाली, दाराला कुलूप आहे. रिक्षावाल्याला फोन लावला. “मॅडम, आजींना सकाळीच गोरेगावला सोडलंय. त्यांनीच बोलावलं मला. चारला आणायला जातोय.”

मी तशीच गोरेगावला गेले. दार उघडंच होतं. आत्या मैत्रिणीला हलकेच कुशीवर वळवून, तिला न उठवता, तिच्याखालची चादर बदलत होती. बोटांनी कडा चाचपत, एक सुरकुती न ठेवता. मैत्रिणीची सून बाजूला उभी राहून बघत होती.

“सांगून जायचं नाही का गं?” मी ओरडलेच.

“सांगितलं असतं तर येऊ दिलं असतंस?”

नसतंच दिलं. सुनेने दिलेलं पाणी प्यायले.

हल्ली ती मंगळवारी आणि शुक्रवारी जाते. पोचल्यावर फोन करायचा, ही माझी अट. करते. पण दोन वाक्यांच्या वर बोलत नाही, कारण तिकडे काम खोळंबलेलं असतं.