बापूंचं न फळणारं कोकम

आई राबायची त्या मिठागराचा बांध उधाणानं फोडला, त्या वर्षी आमच्या घरची चूल दिवसाला एकदाच पेटायची. आई शहरातल्या नगरपालिकेच्या वनस्पती उद्यानात रोजावर लागली. पहिल्याच दिवशी तिनं पाहिलं, एक उघडाबंब म्हातारा कोकमाच्या बुंध्यावर कोयत्याचे घाव घालतोय आणि ओरडतोय, "धरतंस का न्हाय? का बुडासकट उपटू?" ते बागेचे मुकादम, बापू.

न फळणाऱ्या झाडाला असा धाक घालायची आमच्याकडे रीत आहे. एकानं मारायचं, दुसऱ्यानं झाडाला जामीन राहायचं. "ऱ्हाऊं दे बापू, पुढल्या साली धरंल," असं आई म्हणाली की बापू थांबायचे. दर वर्षी हेच. बुंध्यातून पिवळा चीक गळत राहायचा.

माणसांशीही त्यांचं बोलणं असंच, हातात काहीतरी घेऊन. ही बाग आधी बाजाराचा उकिरडा होती. बापूंनी मेलेली कुत्री ओढून काढली, कचरा टाकायला येणाऱ्यांवर दगड भिरकावले आणि उंडी, सुरंगी, बकुळ लावली. फुलं ओरबाडणाऱ्या एका साहेबाचा हात पिरगळला म्हणून त्यांचा पगार कापला गेला होता. "झाड बोंबलत न्हाय, म्हनून मी बोंबलतो," म्हणायचे.

मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र घेतलं आणि प्रकल्पासाठी बागेतल्या झाडांची यादी करायला लागले. बापू गावठी नाव आणि उपयोग सांगायचे, मी शास्त्रीय नाव शोधायची. कोकमाचं फूल उघडून पाहिलं आणि सांगून टाकलं, "बापू, हा नर आहे. याला फळ येणारच नाही. याचे पराग बाकीच्या कोकमांना लागतात."

बापू कोकमाच्या बुंध्याकडे वळले. "इतकी वर्सं मारला गं मी त्याला," म्हणाले. कोयता टाकला, शेणमाती कालवली आणि एकेक घाव लिंपला.

त्याच उन्हाळ्यात बागेच्या मागच्या भागात गाड्यांचा तळ करायचं घाटत होतं. तिथं कामाचं एकही झाड नाही, असं कागदावर लिहून झालं होतं. हरकतींची सुनावणी व्हायच्या आधीच ठेकेदाराची चार माणसं करवत घेऊन आली आणि सगळ्यात पहिल्यांदा तिथल्या त्या कोकमाकडे वळली.

"याला फल तरी येतं का रं म्हाताऱ्या?"

"तो बाप्या हाय! तुजा बाप बाळंत झाल्ता काय?"

त्यांच्यातल्या एकाचा लोखंडी पाइप बसला. बापूंचं मनगट मोडल्याचा आवाज मी ऐकला. त्यांनी डाव्या हातानं कोयता उचलून एकाची पोटरी फाडली. मग उरलेल्या तिघांनी त्यांना खाली पाडून छातीवर लाथा घातल्या. आई मध्ये पडली, तिचं कपाळ फुटलं. बाजारातली माणसं धावली तेव्हा ते पळाले.

हॉस्पिटलात बापूंच्या तोंडातून रक्त येत होतं. "बाय, यादी सगली लिवलीस ना?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. तिसऱ्या दिवशी ते गेले.

सुनावणीत मी उभी राहिले. एकेक झाड नावानिशी, उपयोगानिशी वाचलं आणि माहिती कोणी दिली तेही वाचलं. मागचा भाग बागेतच राहिला. पुढच्या वर्षी मी पदवीधर झाले, आमच्या घरातली पहिली.