एकोणसाठ, त्र्याहत्तर, एकोणनव्वद

मला चिडायला फारसं कारण लागत नाही. आईच्या मते तर कारण नसलं तरी माझं भागतं. पण त्या उन्हाळ्यात मी जेवढी चिडले तेवढी जन्मात चिडले नव्हते. बँकेवर चिडले, फोनमधल्या बाईवर चिडले, भावावर चिडले, आणि एक दिवस भर रिक्षात आईवर खेकसले. ज्या बाईवर चिडायला हवं होतं ती रोज सकाळी आरशात दिसायची, तिला मात्र मी सोडून दिलं होतं.

आम्ही बदलापूरला खरवईत राहतो. हॉलमध्ये खिडकीपाशी माझं शिलाई मशीन आहे, मी ब्लाऊज शिवते. नवरा सकाळी कामाला जातो तो रात्रीच उगवतो. वडील गेल्यापासून आई माझ्याकडे असते, त्यामुळे दिवसभर घरात आम्ही दोघीच. वडील अंबरनाथच्या एका कारखान्यात होते, त्यांची पेन्शन आता आईच्या खात्यात येते.

आई बारवी धरणाकडच्या पाड्यावरची, चौथी शिकलेली. वडील होते तोवर तिनं बँकेचं तोंड पाहिलं नव्हतं. एटीएम तिला मी शिकवलं. पहिल्यांदा गेली तेव्हा चपला बाहेर काढून आत गेली, आणि नोटा आल्यावर मशीनला हात जोडले. मला हसू आवरेना. पण नंतर तिला त्याची अशी काही गोडी लागली की विचारू नका. पेन्शनच्या दिवशी ठेवणीतली साडी नेसायची, साडीच्या फॉलच्या प्लास्टिकच्या पिशवीत कार्ड, ती पिशवी बटव्यात, बटवा कमरेला. शेअर रिक्षानं एकटी स्टेशनला जायची. येताना माझ्यासाठी खारी आणायची आणि पुडा मशीनवर ठेवून म्हणायची, "हे माझ्याकडून." सत्तरी उलटल्यावर तिला हे "माझ्याकडून" म्हणता आलं होतं, ते त्या कार्डामुळे.

फसवणुकीचे किस्से मला तोंडपाठ होते. सोसायटीतल्या बायकांच्या ग्रुपवर "सावध राहा" असले मेसेज मीच टाकायचे. एकदा उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये अस्तर घ्यायला गेले होते, आई बरोबर होती. तिला सुनेसाठी साडी घ्यायची होती, स्वतःच्या कार्डावर. काउंटरवरच्या सिंधी शेटनं मशीनमध्ये कार्ड घातलं आणि अगदी सहज म्हणाला, "अम्मा, पिन बोलो."

आईनं तोंड उघडलं. "चौ..."

"आई!" मी अशी ओरडले की शेजारच्या बाईच्या हातातली साडी खाली पडली.

शेटला राग आला. "अरे दीदी, सब लोग बोलते हैं. हम क्या दुकान छोड़ के भागेंगे?"

मग काय, मला चेवच आला. सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं भाषण दिलं. मशीन आईच्या हातात द्यायला लावलं आणि तिच्याकडे पाठ करून उभी राहिले. म्हटलं, "हे बघ, मीसुद्धा तोंड फिरवलं. पिन पोटच्या पोरीलाही सांगायचा नाही. तिनं विचारलं तरी नाही, कळलं?" आईनं एका बोटानं सावकाश चार आकडे दाबले. शेट पावती फाडत म्हणाला, "दीदी तो पुलिस है." घरी येईपर्यंत मी फुशारले होते.

तर अशी मी पोलीस.

मे महिना होता, लग्नसराई. सकाळचे अकरा वाजले असतील. एका नवरीची मामी ट्रायलला आली होती. दोन्ही हात वर करून उभी, आणि मी तिच्या काखेतला कपडा आत घेत होते, तोंडात सात-आठ टाचण्या. तेवढ्यात आईचा फोन वाजला. आईला कमी ऐकू येतं म्हणून तिचा फोन कायम स्पीकरवर. कोणीतरी हिंदीत बोलत होता. "माताजी, आप का कार्ड आज बंद हो जाएगा." कार्डावरचे सगळे आकडे त्यानंच तिला सांगितले. ते त्याला कुठून मिळाले देव जाणे, पण आईनं बटव्यातून कार्ड काढून पाहिलं तर बरोबर निघाले. झालं, तिचा विश्वास बसला.

"अगं, कार्ड बंद करतात म्हणं," आई मला म्हणाली.

मी टाचण्यांमधून "हं" केलं. हे मला नीट आठवतं. मी ऐकलं होतं. पण माझं लक्ष मामीच्या काखेत होतं.

मग फोनवर नंबर आला. तो म्हणाला, नंबर वाचा. आईनं फोन हातभर लांब धरला आणि वाचायला लागली. आता आई आकडे जोडीनं वाचते. गॅसचा नंबर असो की लाइटच्या मीटरचं रीडिंग, तिचं तसंच.

"एकोणसाठ," आई म्हणाली.

"क्या साठ? साठ?"

"साठ नाय, एकोणसाठ. त्र्याहत्तर. एकोणनव्वद."

"माताजी, कौन सा हत्तर? हिंदी में बोलो ना."

"हिंदीच हाय हे," आई म्हणाली आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून, मोठ्यानं. "एकोणसाठ! त्र्याहत्तर! एकोणनव्वद!"

तीनदा झालं. तो मेला रडकुंडीला आला होता. मामीचे हात भरून आले होते. माझं डोकं भणभणायला लागलं. आईनं फोन माझ्यापुढे धरला. "तूच सांग बाई, त्याला आकडंच समजत नायत."

मी तोंडातल्या टाचण्या काढल्या. खरं सांगते, त्या क्षणी माझ्या डोक्यात ओटीपी, फ्रॉड, ग्रुपवरचे मेसेज, काही म्हणजे काही नव्हतं. राग आला होता तो एवढाच, की आमच्याकडे फोन करतोस आणि तुला एकोणसाठ कळत नाही? फोन हिसकावला, वर आलेला नंबर बघितला आणि खाडखाड वाचला. "फाइव्ह, नाइन, सेव्हन, थ्री, एट, नाइन. हुआ? और मराठी सीख लो जरा!"

"थँक्यू मॅडम," तो म्हणाला.

मामी हसली. "बरा झापलात हो त्याला." मी टाचण्या परत तोंडात धरल्या.

मामी जिना उतरली असेल-नसेल, आईच्या फोनवर लागोपाठ दोन मेसेज वाजले. अठ्ठेचाळीस हजार गेले होते. आईनं दीड वर्ष न काढता ठेवलेले. मी त्यांच्या आधीचा, नंबरचा मेसेज उघडला. त्या सहा आकड्यांच्या अगदी खाली लिहिलं होतं की हा नंबर कोणालाही सांगू नका. मी आकडे वाचले होते, पुढची ओळ वाचली नव्हती. अख्ख्या सोसायटीला ती ओळ शिकवणारी मी!

पुढचे दोन तास बँकेच्या हेल्पलाइनवर. मराठीसाठी तीन दाबा. दाबले. कार्डाचे शेवटचे चार आकडे दाबा. दाबले. मग संगीत. मग एक बाई सांगते की तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. अगं महत्त्वाचा आहे तर उचल ना! कसंबसं कार्ड बंद झालं. मग सायबरच्या हेल्पलाइनवर तक्रार. तिकडच्या माणसानं विचारलं, ओटीपी शेअर केला होता का? मी म्हटलं, "हो, ओटीपी दिला गेला." मराठी भाषा किती सोयीची आहे बघा. दिला गेला. कोणी दिला ते सांगावंच लागत नाही.

संध्याकाळी धाकट्या भावाचा फोन आला. तो शहाडला राहतो. "ताई, आईनं ओटीपी दिला?"

"अरे, गोड बोलून काढून घेतला त्यानं."

"किती वेळा सांगितलं होतं आपण तिला!"

मी मशीनवरचे दोरे वेचत राहिले. आई समोर मेथी निवडत बसली होती. तिनं मान वर केली नाही.

मग बँकेच्या चकरा. बदलापूरच्या शाखेत म्हणाले, होम ब्रँचला जा. होम ब्रँच अंबरनाथला, कारण खातं वडिलांच्या वेळचं. तिथे म्हणाले, तक्रारीची प्रत आणा. ती नेली तर पासबुकाची झेरॉक्स हवी. ती नेली तर साहेब रजेवर. लग्नसराईतले तीन दिवस माझे असे गेले, घरी ब्लाऊजांचा ढीग, बायकांचे फोनवर फोन. नाकी नऊ आले. चौथ्यांदा गेलो तेव्हा टेबलावर एक तरुण मुलगी होती, बोलायला चांगली. तिनं फॉर्म भरायला घेतला. एका रकान्यापाशी थांबली आणि विचारलं, "आजी, ओटीपी कोणी सांगितला?"

सांगायचं होतं, आईशपथ सांगायचं होतं. मी "ते..." एवढं म्हटलं.

"मीच," आई म्हणाली.

मुलीनं लिहिलं. आईनं खाली सही केली, एकेक अक्षर कोरत.

परतताना रिक्षात मी तिच्यावरच खेकसले. "कशाला बोललीस मी म्हणून?"

"फोन माझाच व्हता ना." मग पदर सारखा करत म्हणाली, "आनि तुझ्याकडं बायका येतात, तू शानी म्हनून. त्यांना कशाला कळाया पायजे?"

मी बाहेर बघत बसले. बँकेला काय, आईनं सांगितला काय आणि मी सांगितला काय, पैसे मिळणारच नव्हते. तसं पत्रही आलं पुढे. फरक पडणार होता तो घरात.

आणि पडला. नवं कार्ड पोस्टानं आलं त्या रविवारी भाऊ घरी होता. त्यानं पाकीट फोडलं आणि कार्ड शर्टाच्या खिशात टाकलं. "आई, हे आता माझ्याकडे राहू दे. पेन्शन मी काढून ताईकडे पाठवत जाईन. तू आपली बस आरामात." वाईट मनानं बोलला नाही तो. आई म्हणाली, "ने बाबा. मला कुठं कळतंय त्यातलं." आणि जागेवरून उठून आत गेली. मला तिथल्या तिथे म्हणता आलं असतं, अरे, तिला कळतं, मला कळलं नाही. एका वाक्याचं काम होतं. पण भाऊ पुढे म्हणाला, "नशीब, तुझ्यासारखी हुशार बाई घरात आहे," आणि मी त्याच्यासाठी चहा टाकायला उठले.

पहिली पेन्शन त्यानं माझ्या फोनवर पाठवली. मी नोटा आणून आईच्या हातात दिल्या. तिनं त्या न बघता उशीखाली सारल्या. त्या दिवशी ठेवणीतली साडी कपाटातच राहिली.

दोन दिवसांनी मी मशीनवर होते. आई येऊन बाजूला उभी राहिली. उभीच. मी वर बघेपर्यंत बोलली नाही.

"धा रुपये देतेस का?" ती म्हणाली. "कोथिंबीरवाला आलाय खाली."

"अगं, उशीखाली आहेत ना तुझे!"

"ते तुमी दिलेलं हाय," आई म्हणाली. "इचारल्याबिगर कसं खर्चू?"

माझा पाय मशीनवरून सुटला. स्वतःच्या पेन्शनीतून ही बाई माझ्याकडे दहा रुपये मागत होती, आणि हे मी केलं होतं. मी तिला पैसे दिले, ती खाली गेली. दार लागल्या लागल्या मी भावाला फोन लावला. म्हटलं, मध्ये बोलू नकोस, आधी ऐक. एकोणसाठपासून थँक्यू मॅडमपर्यंत सगळं सांगितलं.

तो म्हणाला, "मग इतके दिवस बोलली का नाहीस, ताई?"

मी म्हटलं, "लाज वाटली रे. आईचं कार्ड आणून दे." आणि फोनवर रडले.

रविवारी तो आला. आईच्या हातात कार्ड दिलं, पायाला हात लावला आणि त्यानं लावलेला पिन तिच्या कानात सांगितला. आई म्हणाली, "तुला ठाव असलेला मला नको." आत जाऊन ठेवणीतली साडी नेसून आली.

स्टेशनजवळच्या एटीएमला या वेळी मी बरोबर गेले. पिन बदलायचा म्हणजे तिला अडचण येईल, असं मला वाटलं. तिनं चष्मा चढवला, कार्ड घातलं, मराठीचं बटण दाबलं, आणि "पिन बदला" तिचं तिनं शोधलं. मी पुढे वाकले, बोट दाखवायला.

आईनं डावा हात बटणांवर आडवा धरला.

"तिकडं तोंड कर," ती म्हणाली.

"अगं, मी..."

"पोटच्या पोरीलाबी नाय."

मी वळले आणि काचेच्या दाराकडे तोंड करून उभी राहिले. मागे सावकाश, एका बोटानं, चार आकडे वाजले.