साहेबांनी दिलेली गाडी

लिफ्टमध्ये अडकलेला माणूस पहिली पाच मिनिटं बटणं दाबतो, पुढची पाच मिनिटं दार बडवतो, आणि मग त्याला आयुष्यातल्या सगळ्या चुका एकेक करून आठवायला लागतात. हे निरीक्षण वरखालीचं. तीस वर्षं लिफ्टा दुरुस्त केल्यावर माणूस एवढं तरी शिकणारच. पोरांनी त्याचं नाव ‘वरखाली काका’ पाडलं होतं. मोठ्यांनी त्यातला काका गाळला आणि नुसतं वरखाली ठेवलं. त्याला त्याचं काही वाटत नसे. हाक मारल्याशी कारण.

साहेब त्याला भेटले तेच मुळी सहाव्या आणि सातव्या मजल्याच्या मधे. कुठल्याशा मोठ्या कंपनीतून डायरेक्टर म्हणून निवृत्त झालेले, नवव्या मजल्यावर एकटे राहणारे. वरखाली सातव्या मजल्यावर पालथा पडून फटीतून त्यांच्याशी बोलत राहिला. मग म्हणाला, “मी वर मशीनरूममध्ये जातो. ब्रेक सोडून चाक हाताने फिरवीन. डबा हलला तर तो मीच, असं समजा.” चाळीस मिनिटांनी साहेब बाहेर आले ते घामाने निथळत, पण ताठ. त्यांनी वरखालीचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

दोन वर्षांनी डॉक्टरांनी साहेबांना डोळ्यांमुळे गाडी चालवायची बंदी केली. मुलगा परदेशात, त्याला बापाची जुनी गाडी नको होती. साहेबांनी वरखालीला बोलावून किल्ली पुढे केली. फुकट दिलेली वस्तू लाभत नाही म्हणून एक रुपया घेतला, त्याची पावतीही दिली. “एकच सांगतो,” ते म्हणाले, “परक्याच्या हाती जाऊ देऊ नकोस.” वरखालीने मान डोलावली. कुलूप लागलं ते तिथेच, पण कुलपाचा आवाज त्याला ऐकू आला नाही. एरवी लिफ्टच्या दाराचं कुलूप नीट बसलं की नाही हे तो तीन मजले खालून सांगायचा.

गाडी म्हणाल तर राजेशाही. काळी, लांबलचक, आतून कातडं आणि लाकूड. वय बारा वर्षं. स्कूटरवरून औजारांची पिशवी घेऊन हिंडणाऱ्या माणसाने त्या गाडीतून उतरावं आणि वॉचमनने उठून उभं राहावं, हे सुख त्याने पन्नाशीला आल्यावर पहिल्यांदा चाखलं. त्याला ते आवडलं. उगाच खोटं कशाला बोला, फार आवडलं.

आता एवढी गाडी रस्त्यावर ठेवणार कशी? घराला लागून एक शेड होती, शटरची, गाडी जेमतेम मावेल एवढी. त्यात वरखालीची बायको पडदे शिवायची. मधोमध नऊ फुटी टेबल, त्यावर कापड पसरायचं, खडूने आखायचं, कापायचं. दोन शाळा आणि एक लॉज, एवढी तिची गिऱ्हाइकं होती. ती चार दिवस बहिणीकडे गेलेली असताना वरखालीने टेबल खोललं, माळ्यावर चढवलं, मशीन स्वयंपाकघरात नेलं आणि गाडी आत घेतली. ती परत आली तेव्हा तो शटर वर करून उभा होता, शाबासकी मिळेल अशा बेताने.

“टेबल?” तिने विचारलं.

“माळ्यावर आहे. थोड्या दिवसांचा प्रश्न आहे गं.”

त्या थोड्या दिवसांना आता पाच वर्षं झाली होती. स्वयंपाकघरात दोन वार कापडही धड पसरता येत नाही. शाळा गेल्या, लॉज गेलं, उरली ती ब्लाऊजची आणि उशीच्या अभ्र्यांची फुटकळ कामं. बायको भांडली नाही. आल्यागेल्याला मात्र हसत सांगायची, “सवत आणलीय ह्यांनी. मला चुलीपाशी पाठवली आणि तिला स्वतंत्र खोली.”

आणि सवतीचे नखरे सुरू झाले. आधी मागच्या दाराची काच आपणहून खाली गेली आणि वर येईना. आतली चिमूटभर प्लास्टिकची पकड तुटली होती, पण ती सुटी मिळत नाही, अख्खा सांगाडाच घ्यावा लागतो. मग छताच्या काचेभोवतीचं पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या तुंबल्या, पाणी गालिच्याखाली उतरलं आणि तिथे बसवलेली कसलीशी डबी भिजली. त्या डबीपायी हॉर्न, वायपर आणि आतले दिवे एकमेकांशी अबोला धरून बसले. मग इंजिनावरून तेल झिरपायला लागलं. मग इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या नळीचा एक प्लास्टिकचा सांधा भर रस्त्यात बिस्किटासारखा तुटला.

असल्या गाड्यांना गावात हात लावणारा एकच मिस्त्री होता. मोडक्या गाड्यांच्या गराड्यात खाटेवर बसलेला असायचा, त्याला सगळे हाडवैद्य म्हणत. “गाडी बारा वर्षांची झाली की तिची किंमत स्कूटरएवढी होते,” तो सांगायचा. “पण पार्टांना ते कुणी कळवत नाही. त्यांना वाटतं गाडी अजून नवीच आहे.” गिअरबॉक्सचं तेल कधी बदललं होतं, असं त्याने एकदा विचारलं. वरखालीने पुस्तक उघडून दाखवलं. त्यात लिहिलं होतं, हे तेल आयुष्यभर बदलावं लागत नाही. हाडवैद्य म्हणाला, “कुणाच्या आयुष्यभर ते लिहिलंय का?”

चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, हे वरखालीला कळत नव्हतं असं नाही. इथे तर कोंबडी एका रुपयाची होती. पण एवढा खर्च केल्यावर आता सोडायची कशी, असं प्रत्येक खर्चानंतर वाटायचं आणि त्या वाटण्यापायी पुढचा खर्च व्हायचा. शिवाय महिन्याचा पहिला रविवार होता. त्या दिवशी साहेब कोट घालून खाली येत, मागे डाव्या बाजूला बसत आणि वरखाली त्यांना शहराबाहेरच्या तलावापर्यंत फिरवून आणी. जाताना साहेब खिडकीबाहेर बघत, येताना डोळे मिटून बसत. उतरताना दर वेळी म्हणत, “छान ठेवली आहेस.” एवढ्या तीन शब्दांसाठी वरखाली महिनाभर मरमर मरायचा. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत.

सोमवारी बायको बाजारातून आली ती वेगळ्याच चेहऱ्याने. हॉस्पिटलला सगळ्या वॉर्डांचे पडदे नवे करायचे होते. तिथल्या स्टोअरच्या बाईला शाळेतलं तिचं काम आठवत होतं. एकशे वीस पडदे, खाटेभोवतीचे, प्रत्येक अकरा फुटांचा.

“शनिवारपर्यंत हो-नाही कळवायचंय,” ती म्हणाली. “अहो, मला टेबल लागेल. शेड लागेल.”

“बघतो,” वरखाली म्हणाला.

तिने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि भाजी निवडायला घेतली.

त्याच्या मनात खरंच होतं बघायचं. पडदे शिवून होईस्तोवर गाडी चार महिने हाडवैद्याकडे ठेवावी, असा बेत त्याने रात्री पडल्या पडल्या केलाही. शेडमधून अधूनमधून घुर्र घुर्र आवाज येत होता. ह्या गाडीला पोलादी स्प्रिंगा नव्हत्या, रबरी फुगे होते. त्यांत हवा भरून ती उभी राहायची. हवा भरणारा छोटा पंप असा मधूनच चालू व्हायचा आणि गेले काही आठवडे तर जरा जास्तच वेळ चालायचा. वरखालीला त्या आवाजाने उलट बरं वाटायचं. लिफ्टची मोटर फिरतेय म्हणजे लिफ्ट जिवंत आहे, एवढं साधं गणित तीस वर्षं त्याच्या कानात बसलेलं. तो कूस बदलून झोपी गेला.

सकाळी शटर वर केलं तर गाडी जमिनीला पोट लावून बसलेली. चारही चाकं मडगार्डांखाली गडप. आवाज बंद.

हाडवैद्य आला, जमिनीवर आडवा झाला, नाकाने वास घेतला आणि उठून हात झटकले.

“पंप जळला. फुगे कधीचे गळत होते. तो बिचारा रात्रंदिवस भरत होता. आवाज येत नव्हता तुम्हाला?”

“येत होता की.”

“मग?”

लिफ्टवाल्याला मोटरचा आवाज कळला नाही, हे तो कोणत्या तोंडाने सांगणार होता? त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“नवा पंप बाहेरून मागवावा लागेल. तीन आठवडे. फुगेही बदला, नाहीतर नवाही जळेल.”

“तोवर ढकलून बाहेर काढू.”

“चाकं फिरतील तर ढकलाल. मडगार्ड चाकांवर टेकलेत. ओढलीत तर टायर फाटतील आणि तुमचं शटरही बरोबर येईल.”

“आणि भंगारात द्यायची म्हटली तर?”

“भंगारवालाही म्हणेल, दारापर्यंत आणून द्या.” हाडवैद्याने सहानुभूतीने मान हलवली. “टाकायची असली तरी आधी दुरुस्त करावी लागेल.”

बायको दारात उभी राहून हे सगळं ऐकत होती. ती आत निघून गेली.

बुधवार गेला, गुरुवार गेला. त्याने ठरवलं की आता पुरे. दुरुस्त करायची आणि विकायची. पण साहेबांना न विचारता? दिलेल्या शब्दाचं काय? दोन्ही दिवस तो साहेबांच्या बिल्डिंगमध्ये गेला, लिफ्टचे दोर तपासले, तपासलेले पुन्हा तपासले आणि नवव्या मजल्यावरून बेल न वाजवता खाली आला. शुक्रवारी संध्याकाळी बेल वाजवली आणि आत जाताच सगळं सांगून टाकलं.

साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग खुर्चीच्या दोन्ही हातांवर जोर देत, तोंड वाकडं करत सावकाश उठले आणि खिडकीशी गेले.

“पहिला रविवार जवळ आला ना, की माझे गुडघे शनिवारपासूनच कुरकुरतात,” ते म्हणाले. “केवढं खाली बसावं लागतं त्या गाडीत. आणि उठताना तर देव आठवतो.”

वरखाली बघतच राहिला. “मग येत का होतात साहेब?”

“तू पुसूनपासून खाली आणून उभी करायचास. एवढी हौस तुझी. नको कसं म्हणायचं?” ते वळले. “शब्दाचं म्हणशील, तर दिलेली वस्तू परक्याला देऊ नको असं म्हणायची रीत असते रे. मी नंतर विसरूनही गेलो. तू खुशाल विकून टाक.”

पाच वर्षं दोघं एकमेकांचं मन राखत तलावापर्यंत जाऊन येत होते. वरखालीला हसू आलं, मग साहेबांनाही आलं. जिना उतरताना, हो, लिफ्ट असूनही तो जिन्यानेच उतरला, त्याला इतकं हलकं वाटत होतं की पायऱ्या दोन दोन करून गेल्या. वाटेत त्याने हाडवैद्याला फोन करून पंप मागवायला सांगितला.

घरी आला तो बोलतच. “ऐकलंस का? साहेब हो म्हणाले. विका म्हणाले. तीन आठवड्यांत शेड मोकळी. तू उद्या हॉस्पिटलला हो कळवून टाक.”

बायको जमिनीवर बसून कापडाच्या ताग्यांना दोरी बांधत होती. सगळं स्वयंपाकघर पांढऱ्या-हिरव्या ताग्यांनी भरलं होतं. कोपरा मात्र मोकळा होता. मशीन जागेवर नव्हतं.

“बुधवारीच कळवलं,” ती म्हणाली. “गादीवाल्याच्या कारखान्यात मागची अर्धी खोली मिळालीय. त्यांच्याकडे टेबल आहे, बारा फुटी. मशीन दुपारी नेलं.”

“अगं, पण तीन आठवड्यांचाच तर प्रश्न होता.”

“वर्षभराचं बोलून आलेय मी.”

तो एका ताग्यावर टेकला. मग म्हणाला, “मला सांगायचंस तरी.”

तिने दोरीची गाठ आवळली. “शेड माझी होती. ती गाडीला देताना तुम्ही मला विचारलं नाहीत. आता परत देतानाही साहेबांना विचारून आलात.” आवाजात राग नव्हता. राग असता तर त्याला काहीतरी बोलता आलं असतं. “सकाळी आठला टेम्पो सांगितलाय. तागे जड आहेत. उचलायला याल का?”

“येतो की.”

सकाळी आठला टेम्पो आला. शेडच्या बंद शटरसमोर उभा राहिला, कारण गल्लीत तेवढीच मोकळी जागा होती. वरखालीने एकेक तागा खांद्यावरून आणून आत रचला. शेवटचा ठेवून झाल्यावर तो पुढे तिच्याशेजारी बसायला चढू लागला, पण ती ड्रायव्हरकडे सरकली नाही.

“तुम्ही कशाला?” ती म्हणाली. “तिकडे उतरवायला माणसं आहेत.”

तो पायरीवरून खाली उतरला. टेम्पो मागे घ्यायला जागा पुरत नव्हती, म्हणून त्याने बाजूला होऊन हाताने इशारे करत तो गल्लीबाहेर काढून दिला.